गप्प जोडा

परत आलेले जोडे चिमीनं कातडं कापायच्या मोठ्या टेबलावर मांडून ठेवले होते आणि त्यांच्याकडे कोणीही बघत नव्हतं. दादा खिडकीबाहेर बघत होता. भाऊ स्वतःच्या नखांकडे. दादाची बायको, वहिनी, धुतलेले कप पुसत होती आणि पुसून झालेले पुन्हा पुसत होती. सुट्टीचा दिवस असल्यानं यंत्रं बंद होती, कारागीर घरी होते, आणि एरवी ठोकाठोकीत ऐकू न येणारं भिंतीवरचं घड्याळ आज स्पष्ट ऐकू येत होतं.

दादा-भाऊची बहीण अक्का उभी होती. सकाळपासून उभीच होती. तिच्या पायात दुरुस्त केलेला नवा जोडा होता, आणि जोडा पारखायच्या दिवशी अक्कानं बसायचं नाही हा नानांचा नियम होता. नाना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण वडिलांचे नियम मोडायची हिंमत या घरात वडील असतानाही कुणाला झाली नव्हती आणि ते गेल्यावर तर नाहीच नाही.

"तर," चिमी म्हणाली. भाऊची ही मुलगी तिशी उलटली तरी घरात चिमीच राहिली होती. दुकानाचा सगळा व्यवहार आता तीच बघायची, त्यामुळे बैठकीत 'तर' म्हणायचा मानही तिचाच. "हे हॉस्पिटलमधल्या नर्सेसचे जोडे. तक्रार सगळ्यांची एकच. करंगळीपाशी चावतो. काहीजणींना फोड आलेत, एकीला चांगली जखम झाली. आपला जोडा चावला, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकतेय."

"फर्मा बिघडला की जोडा चावणारच," दादा खिडकीच्या गजांना उद्देशून म्हणाला.

"तळ जाड झाला की पाय वर उचलला जातो," भाऊनं नखांना उत्तर दिलं. "आणि पाय वर गेला की करंगळी कातड्याला घासते. शाळेतल्या पोरालाही कळेल हे."

"चिमे, तुझ्या बापाला सांग, तळ मी कागदाच्या जाडीइतकासुद्धा वाढवलेला नाही."

"चिमे, तुझ्या काकाला सांग, मीही फर्मा कागदाइतका तासलेला नाही."

"मी काय पोस्टमन आहे का?" चिमी म्हणाली. "हातभर अंतरावर बसलाय दोघं. काय ते एकमेकांना सांगा की."

जोडे परत यायला लागल्यापासून त्यांच्यात अबोला होता. तसा कामाचा वाटा त्यांच्यात पहिल्यापासून सरळ वाटलेला. भाऊ लाकडाचे फर्मे कोरायचा, म्हणजे ज्या लाकडी पायावर कातडं ताणून जोडा आकाराला येतो, तो पाय भाऊच्या हातचा. त्या फर्म्याला आतला तळ लहान खिळ्यांनी तात्पुरता ठोकायचा, तोही भाऊनंच. मग जोडा दादाच्या टेबलावर जायचा. दादा बाहेरचा तळ चिकटवायचा, तो पक्का बसला की आतले खिळे उपसायचा, आणि भाऊ आपल्या कोपऱ्यातून ओरडायचा, "काढला?" दादा ओरडायचा, "काढला!" दिवसातून किती वेळा हे चालायचं त्याला गणती नव्हती. नवीन आलेल्या कारागिराला वाटायचं हे दोघे भांडताहेत. खरं भांडण सुरू झालं तेव्हा कारखान्यात हाकच उरली नाही.

आजच्या बैठकीत काय ठरायचं होतं ते सगळ्यांना माहीत होतं, फक्त तोंडानं कोणी म्हणत नव्हतं. दोघा भावांनी एकेक गोष्ट वहिनीच्या कानावर घातली होती. दादा म्हणाला होता, फर्म्यात खोट निघाली तर भाऊनं आपला वेगळा धंदा थाटावा. भाऊ म्हणाला होता, तळात खोट निघाली तर मी फर्मे उचलून चाललो, मागं वळून बघणार नाही. एवढ्या एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं, की खोट कुणाची ते अक्काच्या पायानं सांगावं.

म्हणून आज अक्काच्या पायात ही विजोड जोडी होती. डाव्यात तळ बदललेला, उजव्यात फर्मा बदललेला. डावा पाय सुखात असला तर पाप दादाचं, उजवा असला तर भाऊचं. अक्काच्या दोन पायांवर दोन भावांची घरं तोलली होती आणि ती टेबलाला हलकेच टेकून उभी होती, कारण तिची पाठ सकाळपासून भरून आली होती.

"बरं," दादा शेवटी म्हणाला. त्यानं खुर्ची वळवली आणि नाना विचारायचे त्याच सुरात विचारलं, "अक्का, जोडा काय म्हणतो?"

हा प्रश्न अक्काला पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा ती चिमीपेक्षाही लहान होती.

त्याच्याही आधी तो आईला विचारला गेला होता. ती गोष्ट या घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. आई धुलाईच्या दुकानात इस्त्रीवर होती, दिवसभर उभी. नाना तेव्हा साहेबी बूट करायचे, टोकदार, चकचकीत, आत कुणाचा पाय आहे याची फिकीर नसलेले. एका संध्याकाळी आई कामावरून आली, पाय धुतले आणि ओल्या पायांनीच फरशीवरून आत गेली. नाना दारात बसून फरशीवरचे ठसे बघत राहिले. अख्खेच्या अख्खे ठसे, मधली कमान कुठेच नाही. पायाची कमान बसली होती. ज्या माणसानं निम्म्या गावाच्या पायांची मापं घेतली होती, त्यानं आपल्या घरातले दोन पाय कधी हातात धरून बघितले नव्हते. ही गोष्ट सांगताना नाना इथं थांबायचे आणि नाक ओढायचे, आणि आई म्हणायची, "पुढं सांगा आता, चहा निवतोय."

पहिला जोडा त्यांनी कापूस भरून केला. मऊ मऊ. आई सकाळी म्हणाली, सुख आहे हो, आणि संध्याकाळी कंबर धरून घरी आली. मऊ तळात पाय रुततो, आणि रुतलेला पाय दिवसभर स्वतःला सावरत राहतो, हे नानांना तेव्हा कळलं. मग लाकडाचा भुसा आणि सरस. तो तळ आठवड्यात तडकला. मग त्यांनी औषधाच्या बाटल्यांची बुचं गोळा केली. दवाखान्यातला कंपाउंडर त्यांना बघून तोंड लपवायला लागला, इतकी. बुचं किसून भुगा केला, रबराच्या चिकात कालवला, वर तागाचं कापड, त्यावर मऊ कातडं, आणि सगळं कोमट असतानाच आईला म्हणाले, उभी राहा. निवेपर्यंत आई त्यावर उभी. टाचेला बसायला खोल वाटी पडली, कमानीखाली हलका उंचवटा आला, पुढं बोटांना पसरायला जागा राहिली. बोटांना अंगण हवं, नाना म्हणायचे. आठवडाभर आई तो जोडा घालून इस्त्रीवर उभी राहिली आणि रोज संध्याकाळी नाना दारातच विचारायचे, जोडा काय म्हणतो? आई सांगायची, टाचेशी कुरकुरतोय, अंगठ्याशी भांडतोय. मग एका संध्याकाळी म्हणाली, "काही म्हणत नाही हो. गप्प आहे."

तेव्हापासून या घरात जोड्याला दिलेली सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे 'गप्प आहे'. जोड्याचं नाव पडलं उभ्याचा जोडा. शिक्षक, नर्सेस, न्हावी, पहारेकरी, दिवसभर उभं राहून पोट भरणारे सगळे तो घेऊन गेले.

आई गेली तेव्हा नानांनी अक्काला समोर उभं केलं आणि तिच्या पायाचं माप घेतलं. हुबेहूब आईचा पाय. तेव्हापासून अक्का म्हणजे घराचा मापाचा पाय झाली. प्रत्येक नवा जोडा आधी तिच्या पायात. अक्काचं लग्न पायामुळे राहिलं असं घरात चेष्टेनं म्हणत. पाय सासरी गेला असता तर कारखान्यानं काय करायचं? अक्काही हसायची. एकदोन स्थळं खरंच चांगली होती. त्यातल्या एकाचा चेहरा तिला अजून आठवायचा, पाय मात्र बघायचे राहून गेले होते.

"अक्का," दादानं पुन्हा विचारलं. "काय म्हणतो?"

अक्कानं आधी डाव्या पायावर भार दिला, मग उजव्या. बोटं हलवली. मन लावून ऐकलं.

"गप्प आहे," ती म्हणाली.

"कुठला?"

"दोन्ही."

भाऊनं नखांवरची नजर उचलली. "दोन्ही कसे गप्प असतील?"

"आहेत बाबा. आता काय सांगू?"

"आणि हे?" चिमीनं टेबलावरच्या जोड्यांकडे बोट दाखवलं. "हे पण तूच पारखले होतेस ना, आत्या? तेव्हा पण गप्प म्हणालीस."

"होतेच गप्प. इतका चांगला जोडा तुमच्या हातून आजवर झाला नव्हता."

हे तिनं मनापासून सांगितलं. गेलं वर्षभर तिला वाटत होतं की भावांचा हात आता खरा बसला. आधी कसं, चार दिवस भांडायचा जोडा, टाच, बोट, शिवण, काहीतरी काढायचाच. हल्ली पायात घातला की गप्प. संध्याकाळी पाठ दुखायची, गुडघे दुखायचे, पण पायांची काही तक्रार नसायची. म्हातारपणी पायांनी तरी दया केली म्हणून ती खूश होती. त्या खुशीत तिनं नर्सेसच्या जोड्याला पसंती दिली होती, आणि दोघा भावांना समोर बसवून सांगितलं होतं की आज नाना असते तर.

दादा उठला. "मला काय वाटतं सांगू? तू भाऊला पाठीशी घालतेस. लहानपणापासून घालत आलीस."

"मला?" भाऊ ताडकन म्हणाला. "अरे, तुला घालतेय पाठीशी! थोरला ना तू, तुझी लाज राखायला—"

तो वाक्य अर्धं टाकून थांबला, कारण रागाच्या भरात तो थेट दादाशी बोलला होता. दादाच्याही ते लक्षात आलं. दोघांनी पुन्हा तोंडं फिरवली.

"तुम्ही दोघं काय बोलताय?" अक्काचा आवाज खाली गेला. "मी पायाबद्दल खोटं सांगीन?"

वहिनीनं पुसलेला कप पुन्हा उचलला.

"नानांनी विचारलं तेव्हा नाही, ताप अंगात होता तेव्हा नाही, आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी नाही. मी कधी खोटं सांगितलंय?"

"मग दोघांतलं एक काहीतरी सांग ना," दादा म्हणाला. त्याच्याही आवाजात आता राग कमी आणि दमणूक जास्त होती. "आम्ही किती दिवस असं बसायचं?"

अक्काला इतकं लागलं की तिला क्षणभर काय करावं सुचेना. या घरात तिचा नवरा नव्हता, मूल नव्हतं, फर्मा नव्हता, तळ नव्हता. पायाचा शब्द तेवढा तिचा होता, आणि तो आज दोघांनीही खाली पाडला होता. ती वाकली, दोन्ही जोडे काढून बाजूला ठेवले आणि नुसत्या मोज्यांनी तरातरा कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटाकडे निघाली. कपाटात आईचा पहिला जोडा होता, बुचाच्या तळाचा, आता काळा पडलेला.

"थांबा," ती जाता जाता म्हणाली. "आईच्या जोड्यावर हात ठेवून सांगते. मग तरी—"

"अक्का," वहिनी म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस गं."

"अक्का, खाली बघा."

फरशीवर टेबलापासून कपाटापर्यंत ठसे उमटले होते. प्रत्येक दुसऱ्या पावलाला एक, लाल. डावा पाय जिथं पडला होता तिथं काही नव्हतं. उजवा जिथं पडला होता तिथं चवड्याच्या मधोमध ओला लाल ठिपका, आणि कपाटापाशी, जिथं ती थांबली होती, तिथं तो पसरत होता.

अक्का बघत राहिली. हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे असंच तिला वाटलं.

वहिनीनं हातातला कप ठेवला, येऊन तिला धरलं आणि मोजा खाली ओढला. मोजा चिकटला होता. चवड्याखाली बारीक, खोल भोक पडलेलं होतं, आणि भोवतालचं कातडं कितीतरी वेळ टोचत राहिल्यासारखं फाटलेलं.

"सकाळपासून?" वहिनीनं विचारलं. "अहो, सकाळपासून हे घेऊन उभ्या होतात?"

"मला काही कळलं नाही."

"दुखत नाही?"

"नाही गं."

वहिनीनं जखमेच्या बाजूला अंगठा दाबला. मग टाचेला. मग नखानं करंगळीला. प्रत्येक वेळी वर बघितलं आणि प्रत्येक वेळी अक्कानं मान हलवली. तिसऱ्या वेळी मान हलवताना तिला सगळं समजलं. गेल्या वर्षभरातले सगळे गप्प जोडे तिला एकदम आठवले.

भाऊनं एव्हाना उजवा जोडा उचलून आत हात घातला होता. त्यानं हात झटकन बाहेर काढला आणि बोट तोंडात घातलं. मग चिमटा घेऊन आत वाकला. बाहेर आला तो लहानसा खिळा, टोक वर वळलेला. आतला तळ फर्म्याला ठोकताना मारलेला, नंतर उपसायचा असतो तो.

खिळा भाऊनं मारला होता. उपसायचा होता दादानं. आणि 'काढला?' विचारायला या वेळी दोघांच्यात कोणी कुणाशी बोलत नव्हतं. हे दोघांनाही त्या क्षणी कळलं असावं, कारण दोघांचेही चेहरे पडले. भाऊचं तोंड लहानपणी मार खाण्याआधी व्हायचं तसं झालं होतं.

दादानं त्याच्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी सरळ बघितलं.

"काढला?" त्यानं विचारलं.

"काढला," भाऊ म्हणाला, आणि त्यानं खिळा टेबलावर ठेवला.

चिमीनं औषधाची पेटी आणली. वहिनीनं जखम धुतली, पट्टी बांधली. उद्या डॉक्टरांकडे जायचं, रक्तातली साखर तपासायची, आत्या तू नाही म्हणायचं नाहीस, असं चिमी एका दमात बोलत राहिली. अक्का हो म्हणत होती. तिची नजर टेबलावरच्या जोड्यांवर होती. त्या बायकांचे पाय तिला दिसत होते, रात्रपाळी करून घरी गेलेल्या, करंगळीला पट्टी बांधलेल्या. त्या जोड्यावर विश्वास ठेवून उभ्या राहिल्या होत्या.

"वहिनी," ती म्हणाली. "मागं तू काहीतरी म्हणाली होतीस ना? करंगळीचं?"

वहिनी पट्टीची गाठ मारत होती. तिनं मान वर केली नाही. "म्हणाले होते. दुकानात घालून उभी होते तेव्हा."

"मी काय म्हटलं होतं तुला?"

"जाऊ द्या ना अक्का."

"सांग."

"सवय नाही तुला म्हणालात. आणि हे म्हणाले, तुझा पाय बाहेरचा." दादा पुन्हा खिडकीकडे बघायला लागला. "एवढं काही मनावर घेतलं नाही मी," वहिनी म्हणाली, आणि तिनं किती मनावर घेतलं होतं ते खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आलं. इतकी वर्षं ती दुकानात उभी राहून तोच जोडा विकत होती, आणि तोच नंबर घालत होती, आणि जोडा काय म्हणतो असं तिला कोणी एकदाही विचारलं नव्हतं.

अक्कानं टेबलावरचा परत आलेला एक जोडा उचलला. टेबलाचा आधार घेत घेत ती फरशीवर गुडघ्यांवर बसली. गुडघे कुरकुरले. बाकीचे धावले तशी तिनं हातानं त्यांना लांब ठेवलं.

"पाय दे," ती वहिनीला म्हणाली.

"अहो, तुम्ही माझ्या पायाशी—"

"दे म्हणते ना."

अक्कानं तिच्या पायात जोडा घातला, बंद ओढला, टाचेवर दोनदा थापटी मारली, नाना मारायचे तशी. "आता चाल. दारापर्यंत जा आणि ये. मग उभी राहा. घाई नाही कुणाला."

वहिनी चालली. आली. उभी राहिली. साडीचा काठ हातात धरून, डोळे अर्धे मिटून.

"काय म्हणतो?" अक्कानं विचारलं.

"करंगळीला लागतं."

"ते कळलं. का लागतं?"

वहिनीनं वजन मागं नेलं, मग पुढं आणलं. "खोट पुढं नाहीये," ती सावकाश म्हणाली. "पुढं जागा आहे. टाच बसत नाही, अक्का. वाटी मोठी झालीय. टाच धरून ठेवायला काही नाही, म्हणून पाऊल टाकलं की पाय पुढं घसरतो आणि करंगळी जाऊन आदळते. तळाचं नाही, फर्म्याच्या पुढच्या भागाचंही नाही. टाच."

भाऊ जवळ येऊन बसला. त्यानं जोड्याच्या मागच्या बाजूला बोट घालून बघितलं, बोट सहज आत गेलं. मग तो अक्काच्या पायाकडे बघायला लागला. तिच्या टाचा, घोटे, सगळं सुजून पसरलेलं होतं. संध्याकाळी जास्त, पण सकाळीही होतंच.

"दर वर्षी आपण फर्मा तुझ्या पायाला लावून बघतो," तो म्हणाला. "जरा इकडं घाल, जरा तिकडं काढ. वाटी मोठी हवी असं वाटलं म्हणून मी मोठी केली. त्यानंही त्याप्रमाणे तळाला वाटी पाडली. आम्ही दोघं तुझ्या टाचेच्या मागं मागं गेलो, अक्का."

"म्हणजे खोट माझ्या टाचेत," अक्का म्हणाली.

"खोट कसली," दादा म्हणाला. तोही आता खाली बसला होता, अवघडून, एक पाय लांब करून. "सूज आलीय तिला. आम्ही रोज तुझ्या पायाला हात लावतो आणि आम्हाला दिसली नाही."

कुणी चहाचं नाव काढलं नाही, कुणी वाटणीचंही काढलं नाही. परत आलेले सगळे जोडे नवे करून द्यायचे, आणि ते आधी वहिनीच्या पायात पारखायचे, एवढं चिमी म्हणाली आणि तिघा भावंडांनी माना डोलावल्या. ठरवायला एवढंच होतं म्हणायचं. अक्काला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार पटकन उरकलं. जन्मभर वागवलेली गोष्ट हातातून गेली होती आणि खोली होती तशीच होती. तिला रडू येईल असं वाटत होतं, ते आलं नाही. नुसतं रिकामं वाटत होतं.

"अक्काचं माप घ्यायला हवं," वहिनी म्हणाली.

"आता कशाला?" अक्का म्हणाली. "मापाचा पाय आता तुझा."

"तुमच्या जोड्यासाठी हो. या पायांना नेहमीचा जोडा चालणार नाही, पुन्हा कुठंतरी जखम व्हायची. घरात दोन कारागीर बसलेत ना. करू देत की एक तुमच्यापुरता."

अक्कापुरता. असा जोडा कधी झालाच नव्हता. चिमीनं जाड कागद आणून फरशीवर अंथरला. माप उभ्यानं घ्यायचं असतं, अंगाचा सगळा भार पायांवर असताना, म्हणून अक्का उठली. एका बाजूनं दादानं दंड धरला, दुसऱ्या बाजूनं भाऊनं, आणि मध्ये उभी राहून अक्का दोघांवर रेलली. वहिनीनं पेन्सिल उभी धरली आणि पायाच्या कडेनं हळूहळू फिरवली.

मग अक्कानं पाय उचलला आणि कागदाकडे बघितलं. रुंद, वेडावाकडा, अंगठ्याशी गाठ आलेला, टाचेशी फुगलेला आकार. आईच्या पायाचा त्यात मागमूस नव्हता. आपला पाय कधी इतका बदलला ते तिला कळलंच नव्हतं. ती अजून आईच्याच जोड्यात चालत होती.

"भाऊ," ती म्हणाली, "असा फर्मा कोरशील? लाकूड वाया जाईल रे. दुसऱ्या कुणाला उपयोगाचा नाही हा."

"नसू दे," भाऊ म्हणाला.

त्यानं दादाकडे बघितलं, दादानं पायानंच मागची खुर्ची ओढून घेतली. भाऊ अजून दंड धरून होता. त्यानं सवयीनं तोंड उघडलं, "जोडा—" म्हणाला आणि थांबला. पायात जोडाच नव्हता.

"अक्का," त्यानं विचारलं, "तू काय म्हणतेस?"

तिनं नेहमीसारखं थोडं थांबून, मन लावून ऐकलं.

"दमले रे," अक्का म्हणाली, आणि बसली.